कुंडीतल्या ऑर्किडची मुळं: नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं बाल्कनीत, गच्चीवर किंवा छोट्या शेडनेटमध्ये ठेवलेल्या फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, व्हँडा, कॅटलिया आणि ऑन्सिडियमसाठी आहेत. मातीत वाढणाऱ्या ग्राउंड ऑर्किडला यातलं बरंच लागू पडत नाही.

पानं मऊ पडून सुरकुतली आहेत. पाणी वाढवू का?

आधी मुळं बघा. पाणी कमी पडलं तरी पानं सुरकुततात आणि मुळं कुजली तरीही सुरकुततात, कारण दोन्ही वेळा पानापर्यंत पाणी पोचतच नाही. नुसत्या पानावरून निदान करायला गेलं की बहुतेक जण पाणी वाढवतात, आणि जे रोप वाचलं असतं तेही जातं.

रोप कुंडीतून अलगद बाहेर काढा. मुळं घट्ट, पण चपटी आणि राखाडी असतील आणि मिश्रण कोरडं ठणठणीत असेल, तर रोप तहानलेलं आहे. कुंडी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, नीट निथळू द्या, तीन-चार दिवसांत फरक दिसतो. मुळं तपकिरी, लिबलिबीत असतील, दाबल्यावर पाणी सुटत असेल आणि वरचं साल हातात येऊन आत दोऱ्यासारखी शीर उरत असेल, तर ती कुजलेली आहेत. अशा रोपाला पाणी घालणं ताबडतोब थांबवा.

निरोगी मूळ दिसतं कसं?

झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडच्या मुळाभोवती वेलामेन नावाचं स्पंजासारखं आवरण असतं. ते मृत पेशींचं असतं. कोरडं असताना त्यात हवा भरलेली असते, म्हणून मूळ चंदेरी-पांढरं दिसतं. भिजलं की आवरण पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. टोकाला एखादा सेंटीमीटर हिरवा किंवा लालसर चकचकीत भाग दिसला, तर मूळ वाढतं आहे.

कुंडीच्या आत, अंधारात राहिलेली मुळं पिवळट किंवा फिकट तपकिरी दिसू शकतात. रंगाला घाबरून कात्री घेऊ नका, दाबून बघा. कडक असेल तर जिवंत.

मुळं कुजतात ती नेमकी पाण्यानेच ना?

नाही, हवा न मिळाल्यानं कुजतात. पाण्याच्या बाटलीत हिरवीगार मुळं सोडलेली ऑर्किडं लोकांनी पाहिलेली असतात, आणि सह्याद्रीच्या घाटातल्या आमरी, म्हणजे झाडांवरची रानटी ऑर्किडं, तर चार महिने पावसात नखशिखांत भिजतात. त्यांची मुळं कुजत नाहीत, कारण ती उघड्या फांदीवर असतात आणि सर थांबली की वाऱ्यानं तासाभरात सुकतात. कुंडीत तेच मूळ ओल्या, दाबून बसलेल्या भुश्यात आठ-आठ दिवस अडकतं. श्वास घ्यायला प्राणवायू मिळत नाही, पेशी मरतात, आणि मग मेलेल्या भागावर बुरशी येते. बुरशी बहुतेक वेळा दुसऱ्या क्रमांकावर असते. म्हणून नुसतं औषध ओतून मिश्रण तेच ठेवलं, तर महिन्याभरात परत तीच गत होते.

हवा कोंडण्याची कारणं साधारण ठरलेली आहेत. मिश्रण जुनं होऊन त्याचा भुगा झालेला असतो. कुंडी गरजेपेक्षा मोठी असते, त्यामुळे मधला भाग वाळतच नाही. बाहेरच्या शोभेच्या चिनी मातीच्या कुंडीला भोक नसतं आणि तळाशी दोन बोटं पाणी साचून राहतं. घरातली फॅलेनॉप्सिस सर्वांत जास्त याच एका गोष्टीनं मरतात. आणि माती. काळी असो, लाल असो, शेणखत घातलेली असो, या ऑर्किडला माती चालत नाही.

नवीन आणलेल्या रोपाची कुंडी लगेच बदलायची का?

फुलं असतील तर ती संपेपर्यंत थांबा. पण मुळांच्या मध्यभागी काय आहे ते त्याआधी तपासा. भेट म्हणून मिळणाऱ्या फॅलेनॉप्सिसच्या मधोमध बहुतेक वेळा स्फॅग्नम मॉसचा (वाळवलेल्या शेवाळाचा) किंवा कोकोपीटचा घट्ट गोळा असतो. रोप लहान असताना ते त्यात लावलेलं असतं आणि पुढे त्याच्याभोवती बार्क (झाडाच्या सालीचे तुकडे) भरलेली असते. वरची बार्क दोन दिवसांत वाळते, गोळा मात्र दहा दिवस ओला राहतो. वरून कोरडं दिसलं म्हणून पाणी घातलं जातं आणि आतून मुळं सडतात. बांबूची बारीक काडी मध्यभागी खुपसून दहा मिनिटांनी काढा. ओली निघाली तर पाणी नको. फुलं संपल्यावर कुंडी बदलताना हा गोळा चिमट्यानं पूर्ण काढून टाका, अर्धवट ठेवू नका.

कुंडी केवढी आणि कशाची?

मुळांचा गुंता आत बसून चारी बाजूंनी साधारण दोन सेंटीमीटर जागा उरेल एवढीच. "पुढे वाढेल" म्हणून मोठी कुंडी घ्यायची सवय गुलाबाला ठीक, इथे ती घातक आहे. फॅलेनॉप्सिसला पारदर्शक प्लास्टिकची कुंडी उत्तम, कारण मुळं न उपसता दिसतात: आतली मुळं चंदेरी आणि कुंडीच्या भिंतीवर थेंब नाहीत म्हणजे पाण्याची वेळ झाली. कुंडीला बाजूनंही भोकं हवीत. नसतील तर तापवलेल्या सळईनं सहा-आठ पाडा. डेंड्रोबियम आणि कॅटलियाला बाजूनं भोकं असलेली मातीची कुंडी चालते, मात्र एप्रिल-मेमध्ये ती फार लवकर सुकते हे धरून पाणी द्यावं लागतं.

नाशिकच्या हवेला कोणतं मिश्रण योग्य?

इथली अडचण अशी की वर्षात तीन वेगळी हवामानं झेलावी लागतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी. पावसाळ्यात दिवसचे दिवस झिमझिम आणि ओल. हिवाळ्यात रात्री थंडगार, निफाडकडे तर अतिथंड. एकच मिश्रण तिन्हीला पुरवायचं असेल तर ते पाणी लवकर सोडणारंच हवं. उन्हाळ्यातली कमतरता जास्त वेळा पाणी देऊन भरून काढता येते, पावसाळ्यातली ओल मात्र काढून टाकता येत नाही.

फॅलेनॉप्सिससाठी १० ते १५ मिलिमीटरची पाइन बार्क पाच भाग, लाकडी कोळसा तीन भाग, आणि चिरलेलं स्फॅग्नम मॉस जास्तीत जास्त एक भाग. इगतपुरी-त्र्यंबककडे राहत असाल तर मॉस वगळाच. डेंड्रोबियम, कॅटलियासाठी कोळसा आणि भाजलेल्या विटेचे तुकडे निम्मे-निम्मे, दोन ते अडीच सेंटीमीटर आकाराचे. ऑन्सिडियमची मुळं बारीक असतात, त्याला १० मिलिमीटरच्या आसपासचे तुकडे द्या.

कोळसा इस्त्रीवाल्याकडचा लाकडी घ्या, दगडी कोळसा नको आणि बार्बेक्यूच्या दाबून बनवलेल्या वड्याही नकोत. फोडून, चाळून, धूळ धुऊन काढायची. बार्क वापरण्याआधी रात्रभर भिजवा. कोरडी बार्क पहिले काही दिवस पाणी झटकून टाकते. नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरायचे असतील तर त्यांत क्षार असतात: २४ तास भिजवायचं, पाणी फेकायचं, असं तीनदा. नुसतं कोकोपीट नको, ते या मुळांना फार बारीक पडतं.

मॉस आणि सोडण दीड वर्षात बदला, बार्क दोन वर्षांत. विटा-कोळसा कुजत नाहीत, पण क्षार धरून ठेवतात, म्हणून तेही तीन-चार वर्षांनी काढावेत.

पाणी किती दिवसांनी?

दिवस ठरवून पाणी देऊ नका. तरी अंदाज हवाच असतो, म्हणून: बार्कमधल्या फॅलेनॉप्सिसला उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी, पावसाळ्यात पाच-सात दिवसांनी, डिसेंबर-जानेवारीत आठ-दहा दिवसांनी. कोळशातल्या डेंड्रोबियमला एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी. पाणी द्याल तेव्हा खालून भरपूर वाहून जाईल एवढं द्या. रोज अर्धी वाटी शिंपडल्यानं वरचा थर ओला राहतो, तळ कोरडा राहतो आणि क्षार तिथेच साचतात.

कुंडी उचलून पाहणं ही सर्वांत भरवशाची पद्धत. पाणी दिल्यावर एकदा आणि पूर्ण वाळल्यावर एकदा उचला, दोन्ही वजनं हाताला कळतात.

वेळ सकाळची. हिवाळ्यात नऊ-दहानंतर, पाणी थोडं कोमट झाल्यावर. उन्हाळ्यात उलट: गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं आणि उन्हातल्या पाइपमधलं पाणी दुपारी हाताला चटका देतं आणि मुळांची कोवळी टोकं भाजतात. नळी आधी मिनिटभर सोडून द्या, किंवा रात्री बादली भरून ठेवा.

बोअरचं पाणी चालेल का? आरओचं फेकलं जाणारं पाणी?

टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावून बघा. घरी नसेल तर एखाद्या द्राक्ष बागायतदाराकडे ईसी मीटर (पाण्याच्या वीजवाहकतेवरून क्षार दाखवणारा) बहुधा असतो. २०० पीपीएमच्या आत असेल तर उत्तम, ३०० पर्यंत धकतं, त्याच्या वर मुळांची टोकं करपू लागतात. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी आणि सोसायटीचं बोअर यांत बराच फरक निघू शकतो, आणि अनेक इमारतींत दोन्ही एकाच टाकीत येतात. म्हणून पाण्याचं माप टाकीवरच्या नळाला घ्या.

आरओ मशीन जे पाणी बाहेर टाकतं त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. ते जास्वंदाला घाला, ऑर्किडला नको. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी चालतं. पावसाचं पाणी सर्वांत चांगलं. पहिल्या एक-दोन सरींचं सोडून द्यायचं आणि झाकलेल्या पिंपात साठवायचं, नाहीतर डास होतात.

खत म्हणाल तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) चहाचा एक सपाट चमचा १० लिटर पाण्यात, म्हणजे लिटरला साधारण अर्धा ग्रॅम. आठवड्यातून एकदा, मुळं आधी साध्या पाण्यानं भिजवून. दर चौथ्या वेळी खताऐवजी नुसतं पाणी तीन-चार मिनिटं कुंडीतून वाहू द्या. मुळं खराब असलेल्या रोपाला खत अजिबात नाही.

मुळं कुजलेली आहेत. आता नेमकं काय करू?

हे काम ऋतू न बघता त्याच दिवशी करा. साधी कुंडीबदली मात्र फेब्रुवारीअखेर ते मार्च किंवा जूनच्या सुरुवातीला, नवी मुळं फुटताना करावी.

१. रोप काढा, जुनं मिश्रण सगळं टाकून द्या. मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि पंधरा मिनिटं थांबा. जिवंत मुळं हिरवी होतात किंवा निदान दाबल्यावर कडक लागतात, मेलेली तपकिरी आणि मऊच राहतात. घाई करून कोरड्या मुळांवर कात्री चालवली की जिवंत मुळंही जातात.

२. कात्रीची पाती ज्योतीवर तापवून गार करा. स्पिरिटनं बुरशी जाते, पण विषाणूंची खात्री नाही. दुसऱ्या रोपाला हात लावण्याआधी पुन्हा तापवा, किंवा दर रोपाला नवी ब्लेड घ्या.

३. लिबलिबीत भाग घट्ट भागापर्यंत कापा. साल निघून नुसती दोऱ्यासारखी शीर उरली असेल तर ती थोडी ठेवली तरी चालते. रोप कुंडीत स्थिर राहायला मदत होते. फुलांचा दांडा असेल तर तोही कापा. फार जिवावर येतं, पण मुळांशिवाय फुलं पोसणं रोपाला परवडत नाही.

४. बुंधा तपासा. कडक आणि हिरवा असेल तर आशा आहे. काळपट मऊपणा खोडात शिरला असेल तर स्वच्छ भाग दिसेपर्यंत कापत जा.

५. सावलीत, वारा लागेल अशा जागी रोप एक दिवस उघडं ठेवा, कापलेली तोंडं सुकू द्या.

६. उरलेल्या मुळांच्या मापाची कुंडी घ्या. ती आधीपेक्षा लहानच असेल. किंचित दमट, नवं मिश्रण भरा. बुंधा गाडू नका, तो पृष्ठभागाच्या बरोबरीत राहू द्या. रोप हलत असेल तर काडीला बांधा. हलणाऱ्या रोपाची नवी टोकं घासून मोडतात.

७. चार-पाच दिवस पाणी नाही. मग नेहमीपेक्षा कमी. दीड महिना खत नाही, ऊन नाही.

नवं पान किंवा नवं टोक दिसायला सहा ते दहा आठवडे लागतात. या काळात जुनी खालची दोन पानं पिवळी पडून गळाली तर ते बिघडल्याचं लक्षण नाही.

कापलेल्या जागी हळद लावू की दालचिनी? हायड्रोजन पेरॉक्साइड?

दालचिनी पूड फक्त कापलेल्या तोंडावर, चिमूटभर. ती ओल शोषते, म्हणून चांगल्या मुळांवर पडली तर त्यांनाही वाळवते. हळदीनं फारसं बिघडत नाही, पण जखम झाकून टाकते आणि सड पुढे सरकली की नाही हे दिसत नाही. पेरॉक्साइडचा फेस बघायला बरा वाटतो. तो जिवंत पेशीही जाळतो. कुंडीत ओतू नका.

द्राक्षाच्या फवारणीतलं उरलेलं बुरशीनाशक चालेल का?

कुठलं उरलं आहे त्यावर आहे. घरोघरी औषधांच्या पुड्या असलेल्या जिल्ह्यात इथेच सर्वाधिक घोटाळा होतो.

बुंध्यापासून काळा, ओला डाग एक-दोन दिवसांत पानापर्यंत धावत असेल तर ती फायटोफ्थोरा किंवा पिथियम गटातली सड असते. हा गट द्राक्षावरच्या केवड्याच्या (डाउनी मिल्ड्यू रोगाच्या) नात्यातला, भुरीच्या (पावडरी मिल्ड्यूच्या) नाही. म्हणून केवड्यावर चालणारी औषधं इथे चालतात: मेटालॅक्झिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के, लिटरला २ ग्रॅम, किंवा फोसेटिल अॅल्युमिनियम ८० टक्के, लिटरला २ ग्रॅम. सडका भाग कापल्यावर मुळं दहा मिनिटं द्रावणात बुडवा, गरज वाटल्यास पंधरा दिवसांनी एकदाच आणखी. कार्बेन्डाझिमचा या गटावर काही उपयोग होत नाही, आणि नेमकं तेच बहुतेकांच्या कपाटात असतं.

कार्बेन्डाझिम, लिटरला १ ग्रॅम, फ्युझेरियम किंवा रायझोक्टोनियाच्या सावकाश वाढणाऱ्या कोरड्या सडीला. कॅटलियाचं आडवं खोड कापल्यावर आत जांभळट-गुलाबी कडं दिसलं तर ते फ्युझेरियम. कडं संपेपर्यंत कापा, शेवटपर्यंत संपलंच नाही तर रोप सोडून द्या.

बुंध्याशी पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियमची सड, उष्ण-दमट दिवसांतली. ते रोप आणि मिश्रण पिशवीत बांधून फेका, कंपोस्टमध्ये टाकू नका; दाणे जमिनीत टिकून राहतात.

बोर्डो किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड डेंड्रोबियमवर वापरू नका, तांबं त्याला सोसत नाही. फोसेटिल आणि तांबं एकत्र तर कुठेच नाही. हातमोजे, मास्क, वेगळा चमचा, वेगळी बादली, आणि बाल्कनीतून खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर द्रावण जाणार नाही याची काळजी.

ट्रायकोडर्मा (उपकारक बुरशी) उपचाराला नाही, फार तर प्रतिबंधाला, आणि रासायनिक बुरशीनाशकाबरोबर तर नाहीच.

एकही मूळ उरलं नाही. रोप जगेल?

दोन-तीन कडक पानं आणि घट्ट बुंधा असेल तर प्रयत्न करा. स्फॅग्नम मॉस भिजवून थेंब पडणं थांबेपर्यंत पिळा. पारदर्शक डब्यात किंवा पिशवीत त्याचा थर द्या आणि रोप त्यावर ठेवा. बुंधा मॉसला टेकेल, बुडणार नाही. २२ ते २८ अंश तापमान, उजेड भरपूर पण ऊन नाही. दोन-तीन दिवसांनी उघडून पाच मिनिटं हवा द्या, बुरशी दिसली तर तो मॉस बदला. मुळं तीन-चार सेंटीमीटर झाली की लहान कुंडीत हलवा. दोन-तीन महिने लागतात. नाशिकला हा प्रयोग जुलै ते सप्टेंबरमध्ये सोपा जातो, जानेवारीत अवघड.

व्हँडाची मुळं लोंबताहेत आणि वाळून काडी झाली आहेत.

व्हँडाला मिश्रण नको, दमट हवा हवी. ती इथे उन्हाळ्यात नसते. रोज सकाळी मुळं बादलीत पंधरा-वीस मिनिटं, सगळी हिरवी होईपर्यंत बुडवा. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी आणखी एकदा, रात्रीआधी सुकतील इतक्या लवकर. बुडवूनही हिरवी न होणारी मुळं मेलेली. बुंध्याच्या सांध्यात पाणी राहिलं तर कापसानं टिपून घ्या.

मुळांची टोकं काळी पडतात किंवा गायब होतात.

टोक सुकून काळं पडलं असेल तर क्षार किंवा जादा खत. मिश्रणावर पांढरं पुट दिसलं की खात्री. भरपूर पाण्यानं धुवा, खत महिनाभर बंद.

टोक कुरतडल्यासारखं असेल तर गोगलगाय, शंखी किंवा झुरळ. पावसाळ्यात रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन बघा, कुंडीखालीही. काकडीची चकती मिश्रणावर ठेवली तर सकाळी त्याखाली जमलेल्या सापडतात. मीठ टाकू नका, ते मुळांना लागतं.

मुळांवर कापसासारखे पांढरे पुंजके आणि कुंडीत मुंग्यांची ये-जा असेल तर मिलीबग (पिठ्या ढेकूण). मिश्रण बदला, मुळं धुवा, कुंडीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या थाळीत ठेवा म्हणजे मुंग्या चढत नाहीत.

कुंडीबाहेर आलेली मुळं कापू का?

नाही. आत कोंबूही नका. हवेत वाढलेली मुळं मिश्रणात दाबली की बहुधा कुजतात. पुढच्या कुंडीबदलीला, अर्धा तास भिजवून लवचीक झाल्यावर, जितकी सहज वळतील तितकीच आत घ्या.

थंडीत रोपं आत घ्यावीत का?

रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की फॅलेनॉप्सिस आत घ्या, व्हँडाही. डेंड्रोबियम १२-१३ अंशांपर्यंत तग धरतं, पण कोरडं असेल तर. थंड आणि ओलं एकत्र आलं की मुळं जातात; डिसेंबरात कुजलेल्या बहुतेक रोपांना संध्याकाळी पाणी दिलेलं असतं. शेडनेटमध्येच ठेवणं भाग असेल तर उत्तरेकडून प्लास्टिक लावा आणि दुपारी उघडून वारा खेळू द्या.

रोप कधी सोडून द्यावं?

बुंधा मधूनच मऊ होऊन शेंड्याचं पान ओढताच हातात आलं, तर फॅलेनॉप्सिसचं पुढे सहसा काही होत नाही. डेंड्रोबियमचे जुने, पानं नसलेले पण कडक दांडे मात्र टाकू नका. ते दमट मॉसवर आडवे ठेवले तर पेरांतून पिल्लं फुटतात, आणि पिल्लाला पाच सेंटीमीटरची तीन-चार मुळं आली की ते कापून वेगळं लावता येतं.